गव्हर्नरची सही: मिनेसोटातली सिनेटची जागा सहा महिने रिकामी का राहिली

मिनेसोटा राज्याच्या निवडणूक कायद्यात एक साधं वाक्य आहे. निकालाला कोर्टात आव्हान दिलं गेलं असेल, तर योग्य अधिकार असलेलं कोर्ट त्या वादाचा अंतिम निर्णय देईपर्यंत निवडून आल्याचं प्रमाणपत्र द्यायचं नाही. २००९ सालच्या जानेवारीपासून जूनअखेरपर्यंत या वाक्यातल्या ‘अंतिम’ या एका शब्दावर अमेरिकेच्या सिनेटमधली एक जागा अडकून पडली. त्या प्रमाणपत्रावर सही करायचं काम गव्हर्नर टिम पॉलेंटी यांचं होतं.

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवतो, थेट लोकांतून निवडून येतो आणि उघडपणे एका पक्षाचा असतो. पॉलेंटी रिपब्लिकन होते. मोजणीत पुढे गेलेला उमेदवार डेमोक्रॅट होता. आपल्या पक्षाच्या हरलेल्या माणसासमोर दुसऱ्या पक्षाच्या विजयाचा कागद त्यांना करून द्यायचा होता.

गव्हर्नरवरचा दबाव म्हटलं की बहुतेकांना २०२० सालचं जॉर्जिया किंवा अ‍ॅरिझोना आठवतं. तिथे निकालावर शिक्कामोर्तब करू नये म्हणून गव्हर्नरांवर दबाव होता. मिनेसोटात उलट होतं, लोक ‘सही करा’ म्हणत होते. म्हणूनच हे प्रकरण मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. चुकीच्या मागणीपुढे न झुकणाऱ्या अधिकाऱ्याचं कौतुक करणं सोपं आहे. रास्त वाटणाऱ्या मागणीपुढेही ‘अजून नाही’ म्हणणारा अधिकारी बरोबर आहे की चूक, हे ठरवणं फार अवघड आहे. माझं मत असं की पॉलेंटी बहुतेक काळ कायद्याने बरोबर होते. एका ठिकाणी मात्र ते कमी पडले, आणि तिथे लोकांच्या दबावाचा खरा उपयोग झाला.

माणसं आणि जागा

ही जागा मुळात पॉल वेलस्टोन यांची. २५ ऑक्टोबर २००२ रोजी, मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना, त्यांचं विमान कोसळलं आणि त्यात ते, त्यांची पत्नी आणि मुलगी गेली. डेमोक्रॅटिक पक्षाने माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर माँडेल यांना ऐनवेळी उभं केलं. ते रिपब्लिकन नॉर्म कोलमन यांच्याकडून हरले. कोलमन हे सेंट पॉल शहराचे माजी महापौर, १९९६ च्या अखेरीपर्यंत स्वतः डेमोक्रॅट.

त्या निवडणुकीत पॉलेंटींचाही या जागेवर डोळा होता. २००१ मध्ये ते उमेदवारी जाहीर करण्याच्या बेतात असताना उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा फोन आला: मैदान कोलमनसाठी मोकळं सोडा. पॉलेंटी मागे हटले, गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि जिंकले. सात वर्षांनी त्याच जागेचा कागद त्यांच्या टेबलावर येणार होता.

२००८ मध्ये कोलमन यांच्यासमोर होते अल फ्रँकन. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतून देशभर माहीत झालेला लेखक आणि नट. तिसरे उमेदवार डीन बार्कली यांनी सुमारे १५ टक्के मतं घेतली. उरलेली मतं दोघांत जवळपास निम्मी-निम्मी वाटली गेली, दोघांनाही ४२ टक्क्यांच्या आसपास. एकूण मतदान २९ लाखांच्या घरातलं.

४ नोव्हेंबरला मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोलमन ७२५ मतांनी पुढे होते. त्यांनी विजय जाहीर केला. फ्रँकन यांच्या जागी आपण असतो तर फेरमोजणी न मागता मागे हटलो असतो, असंही ते बोलून गेले. हे वाक्य पुढचे आठ महिने त्यांच्या मागे लागलं. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने फेरमोजणी कायद्यानेच होणार होती. ती कुणी मागायची गरजच नव्हती. आकड्यांची तपासणी होऊन १८ नोव्हेंबरला राज्याच्या मतमोजणी मंडळासमोर अधिकृत बेरीज आली तेव्हा कोलमन यांची आघाडी २१५ वर आली होती.

मोजणी

या भागावर थोडं रेंगाळायला हवं. सहीचा प्रश्न समजायचा तर सहीच्या आधीचं काम किती चोख होतं हे कळलं पाहिजे.

मिनेसोटात सगळीकडे कागदी मतपत्रिका होत्या. मतदार नावापुढचा गोल काळा करतो, यंत्र तो वाचतं, पण कागद शिल्लक राहतो. १९ नोव्हेंबरपासून राज्यातल्या ८७ काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, प्रत्येक कागद हाताने उचलून, दोन्ही पक्षांच्या माणसांसमोर मोजला गेला. ज्या मतपत्रिकांवर कुणी हरकत घेतली त्या बाजूला काढल्या. त्यांची संख्या साडेसहा हजारांच्या वर गेली. पुढे दोन्ही बाजूंनी बहुतेक हरकती मागे घेतल्या, कारण त्यातल्या पुष्कळशा नुसत्या आकडा फुगवण्यासाठी घेतलेल्या होत्या.

उरलेल्या मतपत्रिका राज्याच्या मतमोजणी मंडळासमोर आल्या. मंडळात पाच जण होते. सेक्रेटरी ऑफ स्टेट मार्क रिची, म्हणजे राज्याच्या निवडणुकांचे प्रमुख आणि पक्षाने डेमोक्रॅट. बाकीचे चार न्यायाधीश. त्यांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एरिक मॅग्नसन होते आणि न्यायमूर्ती जी. बॅरी अँडरसन होते. या दोघांना न्यायालयावर नेमलं होतं ते पॉलेंटी यांनीच. मंडळाचं काम इंटरनेटवर थेट दिसत होतं. मतपत्रिका मोठी करून दाखवली जायची, पाच जण चर्चा करायचे, आणि राज्यभरातले लोक घरी बसून स्वतःचा कौल द्यायचे. बेल्ट्रामी काउंटीतल्या एका मतपत्रिकेवर मतदाराने फ्रँकनचा गोल काळा केला होता आणि खाली रिकाम्या जागी ‘लिझर्ड पीपल’, म्हणजे ‘सरडेमाणसं’, असं लिहिलं होतं. मंडळाने त्यावरही गंभीरपणे चर्चा केली आणि दोन मतं दिली म्हणून ती बाद धरली. मिनिआपोलिसमधल्या एका मतदान केंद्राच्या १३३ मतपत्रिका फेरमोजणीच्या वेळी सापडल्याच नाहीत. तिथे मतदानाच्या रात्रीचा यंत्राचा आकडा ग्राह्य धरला.

सगळ्यात जास्त तेढ वाढली ती गैरहजर मतदारांच्या मतपत्रिकांवरून. परगावी, आजारी किंवा मतदान केंद्रावर जाऊ न शकणाऱ्यांनी आधी पाठवलेली ही मतं. त्या काळी मिनेसोटात अशा मतासाठी कारण द्यावं लागे, साक्षीदाराची सही लागे, आणि अर्जावरची सही पाकिटावरच्या सहीशी जुळावी लागे. सुमारे १२,००० पाकिटं नाकारली गेली होती. त्यातली १,३५० च्या आसपास चुकून नाकारल्याचं स्थानिक अधिकाऱ्यांनीच मान्य केलं. १८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ असा आदेश दिला: ही पाकिटं उघडा, पण दोन्ही उमेदवारांची संमती असेल तीच. मतदाराची काही चूक नाही, अधिकारी चूक कबूल करतोय, तरी त्याचं मत मोजायचं की नाही हे उमेदवाराच्या हाती. हा आदेश मला आजही खटकतो. न्यायमूर्ती अ‍ॅलन पेज त्या दिवशी विरोधी मतात होते. हे पेज एकेकाळचे मिनेसोटा वायकिंग्जचे नावाजलेले फुटबॉलपटू, पुढे न्यायमूर्ती झालेले.

अखेर ९३३ पाकिटांवर एकमत झालं. ती ३ जानेवारी २००९ ला उघडली. तोवर फ्रँकन ४९ मतांनी पुढे गेले होते. या पाकिटांत त्यांना ४८१ आणि कोलमनना ३०५ मतं मिळाली. आघाडी २२५ झाली. ५ जानेवारीला मंडळाने एकमताने निकाल प्रमाणित केला: फ्रँकन १२,१२,४३१, कोलमन १२,१२,२०६.

दुसऱ्याच दिवशी कोलमन यांनी निवडणूक याचिका दाखल केली. घोडं अडलं ते इथे.

कागद मागितला, कागद नाकारला

आपण ज्याला ‘प्रमाणित करणं’ म्हणतो त्याचे इथे दोन वेगळे टप्पे आहेत, आणि वर्तमानपत्रांतही त्यांची गल्लत होत होती. पहिला टप्पा मंडळाचा: मोजणी संपली, हा आकडा खरा. तो ५ जानेवारीला झाला. दुसरा टप्पा प्रमाणपत्राचा: हा माणूस राज्यातून सिनेटवर निवडून आला, असं पत्र. संघराज्याच्या कायद्यानुसार ते राज्याच्या शिक्क्यानिशी गव्हर्नरने द्यायचं असतं आणि त्यावर सेक्रेटरी ऑफ स्टेटची प्रतिसही लागते. मंडळाच्या निकालानंतर सात दिवस थांबायचं, तोवर याचिका आली नाही तर पत्र द्यायचं. याचिका आली तर अंतिम निर्णयापर्यंत थांबायचं.

सात दिवस संपताच, १२ जानेवारीला, फ्रँकन यांनी प्रमाणपत्र मागितलं. पॉलेंटी नाही म्हणाले. त्याच दिवशी मार्क रिचीही नाही म्हणाले. हे विसरून चालणार नाही. रिची फ्रँकनच्याच पक्षाचे होते, त्यांच्यावर महिनाभर पक्षपाताचे आरोप होत होते, आणि कायद्याचं वाक्य त्यांनीही तसंच वाचलं जसं पॉलेंटींनी वाचलं. त्यामुळे ‘रिपब्लिकन गव्हर्नरने डेमोक्रॅटचा विजय अडवला’ ही नंतर देशभर पसरलेली मांडणी निदान जानेवारीपुरती तरी टिकत नाही.

फ्रँकन कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. राज्यघटनेने प्रत्येक राज्याला दोन सिनेटर दिले आहेत. राज्याचा एखादा कायदा ती जागा महिनोन् महिने रिकामी ठेवत असेल तर तो घटनेशी विसंगत ठरतो, असं त्यांचं म्हणणं. ६ मार्चला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. कायदा स्पष्ट आहे, राज्यातली कोर्टाची प्रक्रिया संपेपर्यंत प्रमाणपत्र देता येत नाही. जागा भरायची घाई असेल तर सिनेटला स्वतःच्या सभासदांच्या निवडणुकीचा निवाडा करायचा घटनादत्त अधिकार आहेच, तो तिने वापरावा.

सिनेटला ते सोपं नव्हतं. तिथल्या रिपब्लिकनांच्या प्रचार समितीचे प्रमुख जॉन कॉर्निन यांनी आधीच बजावलं होतं की प्रमाणपत्राशिवाय फ्रँकनना बसवायचा प्रयत्न झाला तर कामकाज रोखून धरू. शिवाय त्याच जानेवारीत डेमोक्रॅट स्वतःच सहीच्या मुद्द्यावर अडकले होते. इलिनॉयचे गव्हर्नर रॉड ब्लॅगोयेविच यांना ओबामांची रिकामी झालेली जागा विकायला काढल्याच्या आरोपावरून अटक झाली होती, आणि तरीही त्यांनी रोलंड बरिस यांना त्या जागेवर नेमलं. इलिनॉयचे सेक्रेटरी ऑफ स्टेट जेसी व्हाइट यांनी प्रतिसही नाकारली. एक सही नाही म्हणून ६ जानेवारीला बरिस यांना सिनेटच्या दारातून परत पाठवलं गेलं. आठवड्याभराने सिनेटने त्यांना घेतलं, पण ‘दोन सह्या नाहीत तर प्रवेश नाही’ असं एकदा म्हटल्यावर फ्रँकनना सहीशिवाय आत घेणं राजकीयदृष्ट्या कठीण झालं होतं.

आपल्याकडची रीत

मराठी वाचकाला हा सगळा पेच विचित्र वाटेल, कारण आपला कायदा नेमका उलटा आहे. आपल्याकडे मतमोजणी संपली की निवडणूक निर्णय अधिकारी तिथेच निकाल जाहीर करतो आणि विजयी उमेदवाराच्या हाती प्रमाणपत्र देतो. हरलेल्याने ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची. खटला चालेल तेवढे दिवस चालतो, पण सभासद सभागृहात बसलेला असतो. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. अमोल कीर्तिकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, ती डिसेंबरात फेटाळली गेली. या सगळ्या काळात मतदारसंघाला खासदार होता.

दोन्ही रीतींची किंमत असते. आपल्या रीतीत चुकीचा माणूस वर्षानुवर्षं सभागृहात बसू शकतो आणि निकाल लागेपर्यंत मुदतच संपत येते. मिनेसोटाच्या रीतीत योग्य माणूस बाहेर थांबतो आणि लोक प्रतिनिधीविना राहतात. मिनेसोटाच्या विधिमंडळाने ही दुसरी किंमत मोजायचं आधीच ठरवलं होतं. ते शहाणपणाचं होतं की नाही यावर वाद घालता येईल, पण गव्हर्नरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ते बदलायचा अधिकार नव्हता.

घाईने दिलेल्या कागदाचं काय होतं याचं एक उदाहरण अमेरिकेतच आहे. १९७४ मध्ये न्यू हँपशायरमध्ये लुई वायमन ३५५ मतांनी जिंकले असं आधी दिसलं. फेरमोजणीत जॉन डर्किन १० मतांनी पुढे गेले आणि गव्हर्नरने त्यांना प्रमाणपत्र दिलं. पुढच्या तपासणीत वायमन २ मतांनी पुढे आले, तेव्हा पहिलं प्रमाणपत्र रद्द करून दुसरं वायमनना दिलं गेलं. सिनेटने महिनोन् महिने चर्चा केली, निर्णय झाला नाही, शेवटी जागा रिक्त जाहीर करून सप्टेंबर १९७५ मध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. डर्किन तेव्हा सहज जिंकले, पण राज्याच्या शिक्क्याचे दोन कागद दोघांच्या नावावर निघाले ही नामुष्की राहिलीच.

दबाव

२६ जानेवारीला याचिकेची सुनावणी सुरू झाली. मॅग्नसन मंडळात बसले होते म्हणून त्यांनी स्वतःला दूर ठेवलं, आणि खटल्यासाठी तीन न्यायाधीश निवडायचं काम अ‍ॅलन पेज यांच्याकडे आलं. त्यांनी एलिझाबेथ हेडन, कर्ट मार्बेन आणि डेनिस राइली यांना निवडलं. तिघांची मूळ नेमणूक तीन वेगळ्या पक्षांच्या गव्हर्नरांनी केलेली. एवढ्या काळजीने केलेली निवड पाहिली की बरं वाटतं.

खटला सात आठवडे चालला. कोलमन यांचा मुख्य मुद्दा असा की काही काउंट्यांनी गैरहजर मतपत्रिकांचे नियम काटेकोर लावले आणि काहींनी सैल, त्यामुळे सगळ्या मतदारांना सारखी वागणूक मिळाली नाही. आणखी हजारो पाकिटं उघडावीत ही त्यांची मागणी. न्यायाधीशांनी एकेक पाकीट पुराव्यावर तपासलं आणि ३५१ उघडली. त्यात फ्रँकनना १९८, कोलमनना १११. आघाडी ३१२ वर गेली. १३ एप्रिलला निकाल फ्रँकनच्या बाजूने लागला. कोलमन अपिलात गेले.

वातावरण तापलं ते इथून पुढे. वॉशिंग्टनमध्ये एकेका मताला सोन्याची किंमत आली होती. सिनेटमध्ये कामकाज अडवून धरणं मोडायला ६० मतं लागतात. फेब्रुवारीत आर्थिक मदतीचं मोठं विधेयक मंजूर करायला साठावं मत हवं होतं, तेव्हा ओहायोचे शेरॉड ब्राऊन आईच्या अंत्यविधीच्या तयारीतून विमानाने रात्री आले, मत दिलं आणि परत गेले. मतदान त्यांच्यासाठी पाच तासांहून जास्त उघडं ठेवलं होतं. मिनेसोटाची खुर्ची भरलेली असती तर त्या मुलाला त्या रात्री आईजवळ राहता आलं असतं. २८ एप्रिलला पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर रिपब्लिकन पक्ष सोडून डेमोक्रॅटांत आले, आणि हिशेब अगदी उघड झाला: फ्रँकन आले की साठ.

म्हणून एका बाजूने रिपब्लिकन नेते कोलमनना लढत राहायला सांगत होते, गरज पडली तर संघराज्याच्या कोर्टांतही. दुसऱ्या बाजूने डेमोक्रॅट कार्यकर्त्यांनी ‘नॉर्म जाईपर्यंत रोज एक डॉलर’ अशी वर्गणीची मोहीम काढली. कोलमन जितके दिवस ताणतील तितका पैसा त्यांच्या विरोधकांना. मिनेसोटातल्या स्टार ट्रिब्यून या वर्तमानपत्राच्या एप्रिलच्या पाहणीत जवळजवळ दोन-तृतीयांश लोक म्हणाले की कोलमन यांनी आता हार मानावी. राज्याच्या दुसऱ्या सिनेटर एमी क्लोबुशार यांच्या कार्यालयावर दोघांचं काम पडलं होतं. व्हिसा, दत्तक मुलांची कागदपत्रं, माजी सैनिकांच्या पेन्शनी, कोलमन यांच्याकडे अर्धवट राहिलेल्या तक्रारी, सगळं एकाच टेबलावर.

आणि पॉलेंटी? त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक खुणावत होती हे कुणापासून लपलेलं नव्हतं. २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांच्यासोबत उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. जून २००९ च्या सुरुवातीला त्यांनी तिसऱ्यांदा गव्हर्नरपद लढवणार नाही असं जाहीर केलं. सही केली तर पक्षातले कट्टर नाराज, नाही केली तर स्वतःचं राज्य नाराज.

ते जिथे कमी पडले असं मी म्हणतो ते हेच ठिकाण. ‘अंतिम’ म्हणजे कुठपर्यंत? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत की वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत? मार्चच्या निकालात राज्याच्या कोर्टांचीच प्रक्रिया धरली होती. तरीही बरेच आठवडे गव्हर्नर मोघम राहिले. कोर्ट काय सांगतं ते पाहू, एवढंच. त्या मोघमपणामुळे दोन्ही बाजूंच्या आशा वाढत गेल्या. कायद्याच्या आड उभं राहणं ठीक आहे, पण आपण कायदा कसा वाचतो हे अधिकाऱ्याने वेळेवर सांगायला हवं.

लोकांच्या रेट्याने सही लवकर मिळाली नाही, आणि मिळायलाही नको होती. पण प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक पत्रकार परिषदेत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेल्याने पॉलेंटींना हळूहळू स्वतःला बांधून घ्यावं लागलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सीएनएनवर त्यांनी सांगितलं की राज्याचं न्यायालय हिरवा कंदील दाखवील त्या क्षणी सही करायला आपण तयार आहोत. दबावाचं हे फळ होतं. एकदा हे बोलून झाल्यावर मागे फिरायला जागा राहिली नाही.

३० जून

१ जूनला युक्तिवाद झाले होते. मॅग्नसन आणि जी. बॅरी अँडरसन बाजूला राहिल्याने पाच न्यायमूर्ती बसले. त्यातले लोरी गिल्डिया आणि ख्रिस्तोफर डीटझेन हे दोघे पॉलेंटींनी नेमलेले. ३० जूनला निकाल आला, पाचही जणांचा एकच. गैरहजर मतदानाच्या नियमांचं काटेकोर पालन कायद्यालाच अपेक्षित आहे. अधिकाऱ्यांच्या कामात थोडाफार फरक पडला म्हणून समान वागणुकीचा भंग सिद्ध होत नाही. फ्रँकन यांना कायदेशीर मतांपैकी सर्वाधिक मतं मिळाली आहेत आणि ते प्रमाणपत्राचे हक्कदार आहेत.

निकालात ‘गव्हर्नरने आजच सही करावी’ असा थेट हुकूम नव्हता. फट शोधायचीच असती तर ती होती. पुढे संघराज्याच्या कोर्टात जायचा रस्ताही कोलमनना मोकळा होता. काही तासांतच कोलमन सेंट पॉलमधल्या आपल्या घराबाहेर आले आणि त्यांनी हार मान्य केली, फ्रँकन यांचं अभिनंदन केल्याचंही सांगितलं. नोव्हेंबरातलं ते वाक्य आणि नंतरचे आठ महिने लक्षात ठेवूनही, त्या दुपारी ते नीट वागले असं म्हणायला हवं. संध्याकाळी पॉलेंटींनी सही केली, रिचींनी प्रतिसही केली. प्रमाणपत्र मागितल्यापासून १६९ दिवस झाले होते.

‘अंतिम’ या शब्दाची खरी कसोटी मात्र लागलीच नाही. कोलमन वॉशिंग्टनला गेले असते आणि पॉलेंटी थांबले असते तर राज्याच्या न्यायालयाला गव्हर्नरवर थेट आदेश काढावा लागला असता का, आणि त्यांनी तो पाळला असता का, याचं उत्तर त्या संध्याकाळी कुणाला द्यावं लागलं नाही.

७ जुलैला फ्रँकन यांनी शपथ घेतली. सोबत क्लोबुशार होत्या आणि माँडेल होते, ज्यांनी सात वर्षांपूर्वी हीच जागा गमावली होती. त्या वर्षी २४ डिसेंबरला सिनेटने आरोग्यविम्याचं विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केलं.

मिनेसोटाने गैरहजर मतदानाचे नियम पुढे सुधारले. सह्या जुळवण्याऐवजी मतदाराचा ओळख क्रमांक पाहायची पद्धत आणली, आणि २०१४ पासून कारण द्यायची अट काढली. २०१० मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पुन्हा फेरमोजणी आली, या वेळी मार्क डेटन आणि टॉम एमर यांच्यात. फरक होता ८,७७० मतांचा. वकिलांच्या फौजा पुन्हा उतरल्या, पण एमर यांनी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच हार मानली आणि डेटन यांनी जानेवारीत ठरल्या दिवशी शपथ घेतली. मुदत संपलेले पॉलेंटी त्याच दिवशी पायउतार झाले. नव्या गव्हर्नरचा वाद लांबला असता तर त्यांनाच खुर्चीत थांबावं लागलं असतं, जसं १९६२ च्या निवडणुकीनंतर एल्मर अँडरसन मार्च १९६३ पर्यंत थांबले होते, शेवटी कार्ल रोलवाग ९१ मतांनी जिंकल्याचं ठरेपर्यंत.